बाहेरचं काम

घर बांधणाऱ्या कुणालाही विचारा, पैसे कुठं संपले? तो म्हणेल, प्लॅस्टरला. पुढं फरशी, रंग, नळ, पंखे हे उसनवारीवर कसंबसं उरकतं, आणि मग दाराबाहेर पाऊल टाकलं की उरलेली खडी, सिमेंटची रिकामी पोती, खिळे वर आलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या आणि चिखल. या सगळ्याला आमच्याकडं एकच नाव आहे, 'बाहेरचं काम'. ते करायचं असतं 'पुढच्या वर्षी'. आमच्या गावात अशी पाच-सहा घरं आहेत, ज्यांचं पुढचं वर्ष अजून उजाडलेलं नाही.

मित्रहो, आधीच सांगून ठेवतो, या लेखात मुरूम आहे, केबल आहे आणि आकडे आहेत. पहिला पाऊस, मेसची भाजी आणि 'ती' या विषयांवर आपल्या मराठी विभागात दरवर्षी भरपूर येतं. एखादं पान एस्टिमेटला मिळालं तर संपादक मंडळाचं काही बिघडणार नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्यापासून थोडं आत. आप्पांनी ३१ वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी रातराणीवर. रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे आले आणि तीन गुंठ्यांत घर उभं राहिलं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तिनाचे झाले ३,२६७. त्यातले अकराशे घराखाली गेले. म्हणजे घराच्या जवळजवळ दुप्पट जागा घराबाहेर. पैशाचं मात्र बरोबर उलटं. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, मांडववाल्याचं बिल दिलं, आणि आप्पांनी पासबुक माझ्यापुढं ठेवलं. ६५,००० रुपये. बहिणीच्या नर्सिंगच्या फीचं पासबुक वेगळं, त्याला हात लावायचा नाही, हे कुणी न बोलता ठरलेलं.

"तू इलेक्ट्रिकलला हाईस न्हवं? मग बाहेरचं काम तू बघ."

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतल्यापासून मी नातेवाइकांचे मिक्सर, टीव्ही आणि एकदा तर आत्याची शिलाई मशीनसुद्धा 'बघितली' आहे. तेव्हा ही वेळ येणार हे ठाऊकच होतं. पण ६५,००० हा आकडा नुसता बघण्यासारखा नव्हता. ते आप्पांचे शेवटचे एकरकमी पैसे होते. यापुढं येणार ती फक्त पेन्शन, आणि एसटीतल्या माणसाची पेन्शन किती असते ते ज्यांच्या घरी एसटी आहे त्यांना सांगायला नको.

आता काकांबद्दल. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा. माझे धाकटे काका त्यातलेच, विसाव्या वर्षी तमिळनाडूत गेले ते तिकडंच स्थिरावले. जाताना गाडीखर्चाला पैसे आप्पांनी दिले होते. काका ते कधी विसरले नाहीत आणि आप्पांनी कधी काढले नाहीत. काकांचा बंगला आमच्या घराला लागूनच, मधे एक कंपाउंडची भिंत. बंगला वर्षातून दोनदा उघडतो, दिवाळीला आणि यात्रेला. एरवी आत कुणी नसतं, पण बाहेर चार फ्लडलाइट रात्रभर जळत असतात. अंधार पडला की आपोआप लागतात, उजाडलं की विझतात. गावाला कळावं की बंगला आहे.

त्या काकांचा फोन आला. "दादा, गार्डन आणि लायटिंगचं मी बघतो. माणूस पाठवतो." आप्पा "बरं" म्हणाले. आप्पांचं "बरं" हे होकार असतं की नकार, हे घरात आईशिवाय कुणाला कळत नाही.

माणूस आला. बागकाम आणि लायटिंगचं कंत्राट घेणारा, हातात टॅब, त्यात थ्रीडी चित्र. चित्रात आमचं घर मला ओळखूच आलं नाही. पुढं सहाशे फूट हिरवळ, चार बॉटल पाम, प्रत्येक पामच्या बुंध्यात वर तोंड केलेला दिवा, रस्त्याच्या दोन्ही कडेला कमरेएवढे दिव्यांचे खांब, भिंतीवर निळा पट्टा. खाली आकडा, ३,४०,०००. आईनं चष्मा लावून चित्र नीट बघितलं आणि विचारलं, "धुणं कुठं वाळत घालायचं?" तो म्हणाला, "मॅडम, ते टेरेसवर." आईला मॅडम म्हटल्यावर विषय तिथंच संपला असता, पण बहिणीला चित्र आवडलं होतं. खरं सांगायचं तर मलाही. खोटं कशाला बोला, रात्रीच्या चित्रात घर एखाद्या रिसॉर्टसारखं दिसत होतं.

मग मी हिरवळीपासून सुरुवात केली, कारण त्याचं गणित सर्वात सोपं. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर म्हणजे बरोबर एक लिटर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळ जगवायची तर दिवसाला पाच मिलिमीटर तरी धरायलाच हवेत. सहाशे चौरस फूट म्हणजे ५५.७ चौरस मीटर. गुणाकार केला, दिवसाला २७९ लिटर. आता जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असा हिशेब धरलेला आहे. आम्ही पाच माणसं, म्हणजे २७५ लिटर. थोडक्यात, आमच्या दारात सहावा माणूस नाही, अख्खं दुसरं कुटुंब राहायला येणार होतं, आणि ते कुटुंब घरातलं काडीचं काम करणार नव्हतं. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "हे सांगायला कॉलेजला जावं लागतं व्हय?"

पामचंही असंच. झाड लावायचं तर त्याखाली उन्हाळ्यात गाडी उभी राहावी, माणूस बसावा. बॉटल पामच्या सावलीत कोंबडीसुद्धा बसायची नाही.

पण हे सगळं बाजूला पडलं ते आषाढात. आजी पहाटे चारला उठते. नव्या घरात आत संडास-बाथरूम आहे, पण तिला मागच्या अंगणातल्या मोरीवरच जायचं असतं, चूल पेटवून पाणी तापवायचं असतं. मागच्या दाराला तीन पायऱ्या. तिसऱ्या पायरीवरून ती घसरली आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. मला हॉस्टेलवर फोन आला तेव्हा सबमिशन चालू होतं, जर्नल तसंच टाकून मी रात्रीची गाडी पकडली.

"आजी, लाइट होती की गं तिथं एवढी," मी म्हणालो. काकांच्या चारपैकी एक फ्लडलाइट बरोबर भिंतीवरून आमच्या मागच्या अंगणात येतो. मोरी, चूल, धुण्याचा दगड, सगळं लख्ख दिसतं.

"लाइट होती म्हणूनच पडले की रं," आजी म्हणाली. "डोळ्यात आली नि पायरीच दिसंना."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी त्या दारात उभा राहिलो. मोबाईलवर प्रकाश मोजायचं ॲप असतं. आकडा फार विश्वासाचा नसतो, पण दोन जागांची तुलना करायला चालतो. समोरच्या भिंतीवर ४० लक्स. तिसऱ्या पायरीवर २. कारण दिवा बाजूनं येतो आणि मधे आमची पाण्याची टाकी. म्हणजे पायरी टाकीच्या सावलीत आणि डोळा मात्र उजेडात. आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. मोतीबिंदूच्या डोळ्यात प्रकाश शिरला की तो भिंगातच विखुरतो आणि समोर पांढरा पडदा धरल्यासारखं होतं. आपल्याला इल्युमिनेशनच्या युनिटमध्ये 'डिसॅबिलिटी ग्लेअर' म्हणून दोन मार्काला विचारतात ते हेच. मी त्याची व्याख्या पाठ केली होती. तिचं प्लॅस्टर तेव्हा बघितलं.

आप्पांना मात्र व्याख्येची गरज पडली नाही. ते शेजारी येऊन उभे राहिले, कपाळावर हात धरून दिव्याकडं बघितलं आणि म्हणाले, "समोरच्यानं अप्पर मारला की असंच हुतं. रस्ता जातो. नव्या पोरांना वाटतं, जास्त उजेड म्हंजी जास्त दिसतं. गाडीचा उजेड रस्त्यावर पडला पायजे, समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात न्हाई." रातराणीची पंधरा-सोळा वर्षं त्या चार वाक्यांत होती. माझ्या एस्टिमेटचा पाया तिथंच घातला गेला. दिवे किती घ्यायचे ते नंतर, आधी कुणाला काय दिसायला हवं ते.

(जाता जाता, आपल्या हॉस्टेलमागचा मोठा दिवा तिसऱ्या मजल्यावरच्या रूममध्ये रात्रभर येतो आणि खाली सायकल स्टँडवर मात्र मिट्ट अंधार असतो, हेही याच तत्त्वाचं उदाहरण आहे. रेक्टर सरांनी हा लेख वाचलाच तर दिव्याची मान फक्त खाली करायची आहे, खर्च शून्य.)

गणपतीच्या सुट्टीत मी आणि माझा सिव्हिलचा रूम पार्टनर, आम्ही दोघांनी मिळून कागद तयार केला. तो एक गोष्ट सारखी म्हणायचा, "पेव्हर शेवटी. पेव्हर बसला की जमिनीचं दार बंद." हे त्याचं वाक्य पुढं इतकं कामाला आलं की एस्टिमेटपेक्षा क्रमाला जास्त किंमत आहे, असं माझं मत झालंय. आमच्या गावात रीत अशी की आधी हौसेनं पेव्हर बसवतात, मग पहिल्या पावसात पाणी घराच्या पायाकडं येतं, मग गेटला दिवा हवा म्हणून पेव्हर उचकटतात, आणि परत बसवलेला पेव्हर कधीच आधीसारखा बसत नाही. मजुरी दोनदा जाते ती वेगळीच. म्हणून आम्ही वरपासून लिहिलं. पहिला जेसीबी दोन तास, २,६००. तो सपाटीकरण करणार, पाण्याला रस्त्याकडं उतार काढणार, आणि त्याच फेरीत केबलचा चर खणणार. मग मुरूम चार ब्रास, वाहतुकीसह ७,५००. मग चरात पीव्हीसी पाईप, १,५००. आणि मग पेव्हर, तोही सगळीकडं नाही. गेटपासून पायरीपर्यंत चार फुटी वाट आणि गाडीपुरती जागा, मिळून ३२० फूट. बसवण्यासकट ५५ रुपयांनी १७,६००. बाकी जमीन मोकळी. पाणी मुरायला जागा नको?

सर्वात मोठी रक्कम पेव्हरची, पण सर्वात जास्त डोकं गेलं ते दिव्यांच्या वायरीत. दुकानदार म्हणाला, सगळं बारा व्होल्टवर करा, आजकाल सगळे तसंच करतात, शॉकची भीती नाही. म्हटलं तर बरोबर आहे. बागेत कुदळ लागते, पाणी असतं, पोरं असतात. पण घरातल्या बोर्डापासून गेट ३० मीटर. दीड स्क्वेअरची तांब्याची वायर धरली तर जाऊन-येऊन ६० मीटरचा रेझिस्टन्स होतो साधारण ०.६९ ओहम. गेटकडं पुढं-मागं मिळून ३० वॅट जातील असं धरलं, तर बारा व्होल्टला अडीच ॲम्पियर, म्हणजे वाटेतच १.७ व्होल्ट गेले. बारातले पावणेदोन! दिवा मिणमिणणार, किंवा जाड वायर घ्यायची आणि पैसे जाळायचे. तेवढेच ३० वॅट २३० व्होल्टवर नेले तर व्होल्टचा दहावा भागसुद्धा जात नाही. उलट मागच्या पायऱ्या बोर्डापासून सहा मीटरवर. तिथं तीन दिव्यांचे मिळून नऊ वॅट. बारा व्होल्टवर तोटा फक्त ०.१ व्होल्ट.

म्हणून गेटला २३० व्होल्ट, आर्मर्ड केबलनं, पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा. आणि पायऱ्यांना, जिथं आजी ओल्या पायांनी वावरते तिथं, बारा व्होल्ट. केबल चाळीस मीटर, ६,४००. बाहेरच्या लाइनला वेगळा छोटा बोर्ड, त्यात ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी, सगळं मिळून ३,०००. इथं इलेक्ट्रिशियननं वाद घातला. "घरात एक हाय की, बाहेर परत कशाला?" कारण पावसात बाहेरच्या एका दिव्यात पाणी शिरलं तर अख्ख्या घराचा अंधार का करायचा? आणि तो ट्रिप झाला तर वैतागून कुणीतरी तो बायपास करणार, हेही ठरलेलं. आपल्याकडं सेफ्टी डिव्हाइस जळत नाहीत, कंटाळून काढून टाकले जातात.

दिवे सहाच. पायऱ्यांवर तीन, प्रत्येकी तीन वॅट, गुडघ्याच्या खाली भिंतीत बसवलेले आणि तोंड खाली. गेटच्या खांबांवर दोन, पाच-पाच वॅटचे, वर झाकण असलेले. मोरीवर एक नऊ वॅट, माणूस आला की लागणारा. सहांचे मिळून ५,०००. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका, आयपी नंबर बघा. आयपी ६५ मधला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत नाही, पाच म्हणजे पाइपनं मारलेल्या पाण्याला टिकणार. पाण्यात बुडून राहण्यासाठी तो नाही. आमच्या दुकानदारानं 'सगळं एकच असतं' म्हणून जे दाखवलं त्यावर आयपी २० होतं.

रंग पिवळा घेतला, ३,००० केल्विनच्या आसपासचा. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या निळ्यामुळंच आज पांढरा एलईडी आहे हे मान्य. पण किडे पिवळ्यापेक्षा निळसर पांढऱ्या उजेडाकडं जास्त येतात. आजीचा सिद्धांत याच्याही पुढचा आहे. "दिव्याला पाखरं, पाखराला बेडूक, बेडकाला साप." पायरीपाशी ही साखळी नकोच. शिवाय रात्री दहानंतर गेटचे दिवे बंद. आपल्याच महाराष्ट्रात पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, लोक पैसे खर्च करून अंधार बघायला जातात. आमच्या अंगणात तो फुकट मिळतोय, तर तेवढा ठेवावा.

इलेक्ट्रिशियनची मजुरी ५,५००. झाडांना खतासकट २,५००, ठिबकला २,४००, खड्ड्यांना ३,०००. पश्चिमेला कडुलिंब, भिंतीपासून पाच मीटर सोडून. सीताफळ, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. आईला शेवगा आणि पारिजातक. तुळशी वृंदावनाला २,०००. अडीअडचणीला जवळजवळ दहा टक्के, ५,७००. बेरीज ६४,७००. तीनशे रुपये शिल्लक! कागद झेरॉक्सच्या दुकानात टाईप करून घेतला आणि स्पायरल बाइंडिंगचा मोह टाळला.

दिवाळीत काका आले. फराळानंतर त्यांनी विषय काढला. "दादा, ते तीन-चाळीसचं मी देतो म्हटलं होतं. तू बोललाच नाहीस." आप्पा सुपारी कातरत राहिले. मला ठाऊक होतं, हे पैसे घेतले तर आप्पांना रोज संध्याकाळी ते दिवे लागताना बघावं लागणार. आणि नाही म्हटलं तर काकांना वाटणार, दादा मला परका समजतो. दोघंही चांगली माणसं. अशा वेळी भांडण वाईट माणसांपेक्षा जास्त चिघळतं. शेवटी आप्पा म्हणाले, "पोरानं कागद केलाय, त्यो बघ."

काकांनी कागद वाचला. जन्म मिलिग्रॅमच्या हिशेबात गेलेला माणूस, बेरीज त्यांनी तोंडीच पडताळून बघितली. अडीअडचणीच्या रकमेवर बोट ठेवून विचारलं, "ही घट धरलीस व्हय? दहा टक्के? आमी एवढी घट धरली तर गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवायचं न्हाई." मी म्हटलं, काका, सोनं कधी मुरमात खणत नाहीत. ते हसले. मग मी त्यांना सांगितलं, पहाटे चारला उठाल का? ते उठले. गलाईवाल्याला भट्टीमुळं पहाटेची सवय असते. त्यांना मागच्या दारात आजीच्या पाटावर बसवलं आणि म्हटलं, बसल्या जागेवरून तिसरी पायरी बघा.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही लाइट माझी हाय न्हवं?"

आतून आजीचा आवाज आला, "तुझीच. तुला बघायला यायला येळ कुठं हाय?"

त्यांचं म्हणणं, दिवे चोरांसाठी आहेत. ते मी खोडून काढलं नाही, बंद घराची काळजी खरी असते. पण चार दिवे शंभर वॅटचे, वर्षभर रोज बारा तास, म्हणजे १,७५२ युनिट. हिशेबाला सोपं म्हणून दहा रुपये धरले तरी साडेसतरा हजार. आणि दिवा आपल्या डोळ्यावर असेल तर त्याच्या मागं उभा असलेला चोर दिसतच नाही. आमच्या गेटचे आणि पायऱ्यांचे मिळून १९ वॅट, रोज पाच तास, वर्षाला ३५ युनिट. हे आकडे ऐकल्यावर काका एकदम व्यापारी झाले. दुपारी इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन दिवे काढले, उरलेल्या दोघांची मान खाली केली आणि त्यांना सेन्सर लावले. आता बंगल्याच्या आवारात कुणी हललं तरच ते लागतात. गावातली कुत्री त्यामुळं थोडी गोंधळलीत.

राहिला प्रश्न तीन-चाळीसचा. काका कागद पुढं सरकवून म्हणाले, "यात माझं काहीच न्हाई होय रं?" ते माझ्याकडं बघत होते, पण विचारत होते आप्पांना. आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. "मागच्या पायऱ्यांना कठडा न्हाई," ते म्हणाले. "पोरगं इलेक्ट्रिकलचं, त्येला फक्त दिवं सुचलं. कठडा तू कर. ती तुझीबी आई हाय."

कठडा ४,२०० रुपयांचा झाला. गोल पाइपचा, कारण मोडलेल्या मनगटाला चौकोनी पाइप धरवत नाही, हे काकांनीच वेल्डरला सांगितलं. बसवताना स्वतः उभे राहिले, आजीला दोनदा वर-खाली चालायला लावलं आणि उंची दोन इंचांनी कमी करून घेतली. त्यांचं परतीचं रिझर्व्हेशन दुसऱ्या दिवशीचं होतं, ते त्यांनी पुढं ढकललं.

काम डिसेंबरात झालं. चर खणताना गेटजवळ पाषाण लागला. ब्रेकरवाला एक दिवस जास्त लागला आणि दहा टक्क्यांतले ३,८०० तिथंच गेले. काकांना फोनवर सांगितलं, घट बरोबर धरली होती. उरलेल्या १,९०० वर आईनं ताबडतोब मालकी सांगितली, मोरीवर शेड हवी. आजी आता पहाटे दिव्याकडं न बघता पायाकडं बघत उतरते. दिवा कुठाय ते तिला दिसतच नाही, अशी तिची तक्रार आहे. चरात तीन पाईप टाकलेत, वापरात दोनच. तिसऱ्यात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही तोंडांना टोपणं बसवलीत. पुढं कधी वायर ओढायची झाली तर पेव्हर उचकायला नको. बहिणीनं त्या पाईपवर आधीच हक्क सांगून ठेवलाय. कडुलिंब वाढला की त्याखाली झोपाळा, आणि झोपाळ्याला एक दिवा. मी विचारलं, तोंड कुठं? म्हणाली, खाली, कळलंय मला.